टिक, घूं की नुसतीच शांतता? विजेवरची एअरसॉफ्ट बंदूक अडते तेव्हा

"मामा, चालूनच नाही राहिली," म्हणत भाच्याने त्याची एअरसॉफ्ट बंदूक, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणारी खेळातली बंदूक, टेबलावर ठेवली.

"आवाज कसा येऊन राहिला?"

त्याने ट्रिगर दाबला. टिक. पुढे काही नाही.

हा प्रश्न नागपूरकराला नवा नाही. मार्चअखेर कूलर बाहेर निघतो, बटण दाबल्यावर 'घूं' आलं आणि पाती हलली नाहीत, तर घरातलं कुणीही सांगतं की करंट येतो आहे, कपॅसिटर गेला असेल. आवाजच नसेल तर आधी प्लग आणि वायर बघायची. कूलरची मोटर एसीवर चालते, बंदुकीतली डीसीवर. दोघींचे बिघाड निराळे, पण तपासाची वाट एकच: करंट कुठपर्यंत पोचला? तरीही बंदूक अडली की पोरं पेचकस घेऊन थेट गिअरबॉक्स उघडतात. मला ते पटत नाही. गिअरबॉक्स हा शेवटचा मुक्काम आहे.

या बंदुकीत गॅस नसतो. टोकियो मारुई या जपानी कंपनीने १९९१ मध्ये फामास या फ्रेंच रायफलची अशी विजेवर चालणारी प्रतिकृती आणली. रचना तीच, आजही चालते ती. बॅटरी मोटर फिरवते, गिअर पिस्टनला मागे ओढत स्प्रिंग दाबतात. शेवटचा गिअर अर्धाच दातेरी असतो. त्याचे दात संपले की पिस्टन सुटतो, पुढची हवा दाबली जाते आणि ६ मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा नळीतून निघतो. नेहमीच्या गिअरसंचात एका छर्‍यासाठी मोटरला साधारण १९ फेऱ्या माराव्या लागतात. ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने गेला तर त्याची ऊर्जा एक ज्यूल भरते. डोळा कायमचा जायला तेवढी पुरते. म्हणून मॅगझिन काढून, नळी रिकामी असल्याची खात्री करून आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवूनच पुढचं सगळं करायचं.

पहिला संशय बॅटरीवर. दिवाळीच्या सुट्टीनंतर बंदूक बॅटरीसकट माळ्यावर गेली होती, ती मे महिन्यात उतरली. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी नुसती पडूनही रिकामी होत जाते आणि उष्णतेत हा वेग वाढतो. पारा ४५ अंशांवर असताना पत्र्याखालच्या माळ्याची काय अवस्था असते, हे इथे कुणाला सांगायला नको. लिथियम-पॉलिमर बॅटरी असती तर मी जास्त धास्तावलो असतो. ती फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावायचीच नाही.

भाचा म्हणाला, "मीटरवर तं ८.४ दाखवून राहिला." इथेच बहुतेकांची फसगत होते. काम नसताना मोजलेलं व्होल्टेज म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची. नळ उघडल्यावर धार किती येईल, ते त्यावरून कळत नाही. बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो आणि बॅटरी जुनी होते तसा तो वाढतो. समजा तो ०.२ ओहम झाला आणि मोटरने २० अँपिअर ओढले, तर ४ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच खर्च होतात. ८.४ मधले मोटरला उरतात जेमतेम ४.४. म्हणून मीटर लावायचा तो ट्रिगर दाबून धरलेला असताना.

एवढे अँपिअर कशाला लागतात? फिरणारी मोटर एकाच वेळी जनित्रही असते. तिच्या गुंडाळ्यांत उलटा विद्युतदाब तयार होतो आणि तो बॅटरीच्या करंटला आवर घालतो. मोटर थांबलेली असते तेव्हा हा आवर नसतो, करंट फक्त तारेच्या रोधावर अडतो. मागच्या वेळी स्प्रिंग अर्धी दाबलेली असतानाच चक्र थांबलं असेल, तर मोटरला दाबलेल्या स्प्रिंगविरुद्धच सुरुवात करावी लागते. कमकुवत बॅटरीला ते झेपत नाही. 'घूं' येतं ते तेव्हा. अशा वेळी ट्रिगर लगेच सोडायचा, नाहीतर फ्यूज जातो, आणि फ्यूज नसेल तर मोटरची गुंडाळी. मोटर मोकळी गरगरते पण छर्रा सुटत नाही, असं झालं तर मात्र गिअर किंवा पिस्टनचे दात तपासावे लागतात. तेव्हा आधी दाबलेली स्प्रिंग सैल करायची, नाहीतर झाकण उघडताच ती उसळून बाहेर येते.

आमच्या बंदुकीत 'घूं'सुद्धा नव्हतं. बॅटरी पूर्ण चार्ज केली, तरी टिक. ट्रिगर दाबूनही बॅटरीचं व्होल्टेज तसूभर उतरलं नाही. उतरलं नाही याचा अर्थ करंट वाहिलाच नाही, वाट कुठेतरी तुटली होती. फ्यूज नुसता पाहून चालत नाही, केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. मीटर लावला, फ्यूज शाबूत होता. मुठीखालची प्लेट काढून मोटरच्या दोन टोकांवर मीटर धरला, भाच्याने ट्रिगर दाबला: शून्य. म्हणजे मोटर निर्दोष ठरण्याच्या बेतात होती आणि खोट तिच्या अलीकडे होती. बॅटरी काढून तारांची सलगता, म्हणजे करंटची वाट अखंड आहे का, ते मीटरने तपासलं. ट्रिगर दाबताना आकडा कधी यायचा, कधी गायब.

आता गिअरबॉक्स उघडणं रास्त होतं. ट्रिगरखालच्या, करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या तांब्याच्या दोन पट्ट्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या. मोटर ही गुंडाळी, आणि गुंडाळीतला करंट एकदम तोडला की तो हवेतून ठिणगी मारून वाहत राहू पाहतो. एकेक छर्रा मारताना दर वेळी भर करंट तोडला जातो. प्रत्येक ठिणगी तांबं थोडं खाते आणि मागे काळा ऑक्साईड ठेवते, ज्यातून करंट नीट जात नाही.

बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या तांबूस होईपर्यंत घासल्या, स्पिरिटने पुसल्या, गिअरबॉक्स बंद केला. ट्रिगर दाबल्यावर मोटर पहिल्याच झटक्यात बोलली आणि तिच्या टोकांवर मीटरने ७.९ दाखवले.

पट्ट्या पुन्हा काळ्या पडतीलच. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, एक मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणायचं ठरलंय. मग मोटरचा सगळा करंट त्यातून जाईल, आणि ट्रिगरच्या पट्ट्यांवर ठिणगीलाही पुरणार नाही इतका बारीक इशाऱ्याचा करंट उरेल. वायरींना डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम भाचा स्वतः करणार आहे.