लेसरची खरखर आणि औंढ्याची वेधशाळा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाला ताणत-आक्रसत जाणाऱ्या लहरी, टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. लेसर ये-जा करणाऱ्या, काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींना मंजुरी दिली. आपल्याकडे तिचा विषय निघाला की लोक आधी विचारतात, वसमतच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसतात, त्याचं काय? त्यावर उपाय आहे. भुजांमधले, लेसर परतवणारे आरसे चौपदरी लोलकाला टांगलेले असतात. मला खरी थक्क करते ती दुसरीच अडचण. ती जमिनीत नाही, मोजणाऱ्या लेसरमध्येच आहे.

गुरुत्वीय लहर आली की भुजेची लांबी बदलते ती प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी, कधी त्याहूनही कमी. दोन्ही भुजांतून परतलेले किरण एकत्र आणून तो फरक टिपायचा. पण लेसर म्हणजे फोटॉनची, प्रकाशाच्या कणांची, धार. मळणीयंत्रातून सोयाबीन पोत्यात पडतं तेव्हा धार सलग दिसते, दाणे मोजले तर दर क्षणाला संख्या वेगळी. फोटॉनचंही तसंच, आणि या चढउतारात लहरीची खूण बुडून जाते. लेसर शंभरपट प्रखर केला तरी या बाबतीत अचूकता वाढते दहापटच, वर आरसे तापतात.

ही चढउतारांची खरखर शिरते कुठून? १९८१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्लटन केव्ह्ज यांनी दाखवलं की ज्या बाजूने प्रकाश मोजायला बाहेर येतो, त्याच बाजूने. तिथून आपण आत काहीच सोडत नाही. पण क्वांटम नियमांप्रमाणे निर्वातही पूर्ण शांत नसतं, त्याची थरथर आत जाऊन लेसरमध्ये मिसळते. मग तिथून साध्या निर्वाताऐवजी मुद्दाम घडवलेलं ‘स्क्वीझ्ड’, म्हणजे एका बाजूने थरथर दाबलेलं, निर्वात आत सोडायचं! किती धाडसी कल्पना. हिरवा लेसर खास स्फटिकात सोडला की एका फोटॉनमधून अवरक्त फोटॉनची जोडी निघते. या जोड्यांच्या घट्ट संबंधामुळे प्रकाशाच्या कलेतली (फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) अनिश्चितता घटते. दोन्ही अनिश्चितता एकदम हव्या तेवढ्या घटवता येत नाहीत हा हायझेनबर्गचा नियम मोडत नाही, कारण तीव्रतेतली अनिश्चितता वाढते.

अमेरिकेतल्या दोन्ही लायगोंनी २०१९ पासून हे वापरलं. लहरी सापडण्याचा अपेक्षित दर हॅनफर्डला ४० आणि लिव्हिंग्स्टनला ५० टक्क्यांनी वाढला. पण वाढलेली तीव्रतेची थरथर ४० किलोच्या आरशांना ढकलते, आणि कमी वारंवारतेला तेच नडतं. म्हणून २०२३ मध्ये ३०० मीटरची वेगळी प्रकाशपोकळी, म्हणजे आरशांमध्ये प्रकाश फिरवणारी जागा, जोडली. ती कमी वारंवारतेला तीव्रतेतली आणि जास्त वारंवारतेला कलेतली अनिश्चितता घटवते.

आता सगळी लढाई प्रकाशाच्या गळतीशी आहे. वाटेत फोटॉन हरवला की जोडी फुटते, त्याच्या जागी साधं निर्वात शिरतं आणि फायदा तेवढा घटतो.