मध्यरात्री सलणारे डोळे

वेल्डिंग करणाऱ्याचे डोळे काम चालू असताना दुखत नाहीत. तो घरी येतो, जेवतो, झोपतो आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू सलावी तसा कळवळून उठतो. वेल्डिंगच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या वरच्या पेशी मरतात. त्या गळून खालच्या नसा उघड्या पडायला सहा ते बारा तास जातात.

हे किरण असतात हे १८०१ मध्ये जर्मनीच्या योहान रिटरने दाखवलं. जांभळ्या रंगापलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथेही उजेडाने काळवंडणारं सिल्व्हर क्लोराइड हे रसायन काळं पडत होतं. १८५८ मध्ये पॅरिसच्या शार्को या डॉक्टरने दोन रसायनशास्त्रज्ञांची नोंद केली. विजेच्या आर्कवर, म्हणजे दोन टोकांमध्ये पेटणाऱ्या प्रखर ज्योतीवर, प्रयोग करताना त्यांचे चेहरे लाल झाले, डोळे दुखू लागले. दोष उष्णतेचा नसून अतिनील किरणांचा, हे १८८९ मध्ये स्वीडनच्या विडमार्कने प्रयोगांनी दाखवून दिलं. त्याच दशकात रशियात बेनार्डोस आर्क वेल्डिंगची पद्धत बसवत होता. म्हणजे धंदा रांगत होता तेव्हाच त्याचा धोका माहीत झाला होता. मला हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचते.

उन्हात राबणाऱ्यांचा इतिहास याला समांतर आहे. हॅम्बुर्गच्या त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या कातडीतले बदल आणि कर्करोग यांचं वर्णन केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यकिरणांना १९९२ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. वेल्डिंगच्या अतिनील किरणांची पाळी २०१७ मध्ये आली, डोळ्यातल्या मेलॅनोमा या कर्करोगामुळे. त्वचेचा कर्करोग गोऱ्या कातडीत जास्त आढळतो, म्हणून आपल्याकडे या किरणांची फारशी चर्चा होत नसावी. पण बुबुळावरच्या पडद्याला सावळ्या रंगाचं कवच नसतं.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३५व्या कलमात अतिप्रखर उजेडापासून डोळे वाचवण्यासाठी पडदे किंवा गॉगल देण्याची तरतूद आली. मात्र त्या कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी किमान दहा कामगार असतील, तरच तो कारखाना मानला जाई. रस्त्याकडेला ग्रिल आणि गेट बनवणारं दोघा-तिघांचं दुकान त्यात बसलंच नाही. तिथे वेल्डरकडे निदान काळी काच असते. अँगल धरून उभा राहणारा पोरगा नुसतं तोंड फिरवतो. रात्री डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवतात. कुणी बधिर करणारे थेंब आणून पुन्हापुन्हा घालतो. त्याने दुखणं थांबतं, पण एरवी एक-दोन दिवसांत भरून येणारा पडदा भरायचाच थांबतो.