इंजिनला चमक हवी असेल तर डिझेल मारून आणू नका
(आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या इंजिन-धुलाईच्या काउंटरवर रोज एकच प्रश्न येतो: "बॉनेट उघडल्यावर शोरूमसारखं दिसलं पाहिजे, आणि ते टिकलंही पाहिजे. काय करावं?" एकेकाला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा लिहून दिलेलं बरं. वाचा, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

इंजिन घाण होण्यात नवल काही नाही. खानापूर-जांबोटीकडून येणाऱ्या गाडीत तांबडी माती असते, अथणी-चिकोडीकडच्या गाडीत काळी. ऊस तोडणीच्या दिवसांत शेताच्या कडेला लावलेल्या गाडीत पाचटसुद्धा निघतं. नुसती माती, धूळ असेल तर काम सोपं. अडचण होते ती मातीखाली तेल असलं की.

हे तेल बहुतेक वेळा इंजिनमधून गळलेलं नसतं, हाताने मारलेलं असतं. कुणी डिझेल फवारून घेतं, कुणी रॉकेलच्या फडक्याने पुसतं, कुणी खोबरेल चोळतं. त्या दिवशी इंजिन काळंभोर चकाकतं, हे खरं. पण ते तेल वाळत नाही. चोर्ल्याच्या रस्त्याने एकदा जाऊन आलात की उडालेली सगळी धूळ त्यावर बसते आणि इंजिनच्या उष्णतेने त्याचा चिकटा होतो. मग पुन्हा डिझेल, पुन्हा धूळ. असे थर चढलेली गाडी आमच्याकडे येते तेव्हा दोन तासांचं काम अर्ध्या दिवसावर जातं, कारण ब्रश फिरवून एकेक थर सोडवावा लागतो.

वेळेपेक्षा मोठं नुकसान रबराचं. रेडिएटरचे पाइप बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. गरम पाणी आणि कूलंट सोसायला हे रबर पक्कं, पण डिझेल-रॉकेल लागत राहिलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. फॅन बेल्टवर तेल गेलं तर तो घसरतो, चीं चीं आवाज करतो. आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चालत्या गाडीत काहीशे अंशांपर्यंत तापतो. त्याच्या शेजारी सुकं पाचट आणि वर डिझेल, हे धाडस कुणी करू नये. "आमच्या वडिलांच्या जीपला डिझेलच मारत होते की," असं म्हणणारे भेटतात. त्या जीपमध्ये सेन्सर नव्हते आणि कपलरही (वायरी जोडणारे प्लग) मोजके होते. आजच्या गाडीत वायरिंगचं जाळं असतं.

म्हणूनच आम्ही थेट प्रेशर मारत नाही. "शेजारचा दहा मिनिटांत पाणी मारून देतो, तुम्हाला एवढा वेळ का?" हे आम्ही बऱ्याचदा ऐकतो. आम्ही आधी इंजिन निवू देतो. तापलेल्या धातूवर गार पाणी पडणं बरं नाही, आणि केमिकल लगेच वाळून डाग सोडतं. मग डायनमो, एअर फिल्टरचं तोंड, फ्यूज बॉक्स आणि उघडे कपलर प्लास्टिकने झाकतो. डीग्रीजर (तेलकट मळ सोडवणारं केमिकल) पातळ करून फवारतो, वाळू न देता ब्रशने घासतो आणि कमी दाबाच्या पाण्याने धुतो. ॲल्युमिनियमवर कडक अल्कली वापरली तर ते पांढुरकं पडतं, म्हणून तिथे सौम्य माल वापरतो. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं तर गाडी मिसिंग मारते, म्हणजे अडखळत चालते, आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. म्हणून शेवटी कॉम्प्रेसरची हवा कोपऱ्याकोपऱ्यात मारतो आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवून आतली ओल घालवतो. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर आधी सांगा. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या आसपास आम्ही पाणी नेतच नाही, फक्त ओलसर फडकं.

आता चमक. प्लास्टिकची कव्हरं, रबराचे पाइप, वायरिंगवरचं आवरण एवढ्यावरच वॉटर-बेस ड्रेसिंग (चमक आणणारं पाण्याच्या बेसचं द्रव्य) लावतो. आधी पूर्ण कोरडं करून, फडक्यावर किंवा स्पंजवर घेऊन पातळ हात फिरवतो, थोडा वेळ मुरू देतो आणि उरलेलं पुसून काढतो. पुसणं महत्त्वाचं. हात लावल्यावर बोट चिकटायला नको. बाजारात स्वस्तात मिळणारा तेलकट सिलिकॉन स्प्रे पहिल्या दिवशी जास्त चकाकतो, पण धूळ धरण्यात तो डिझेलचाच भाऊ. आमची चमक थोडी मंद, नव्या प्लास्टिकसारखी असते. ज्यांना तेल ओतल्यासारखं दिसायला हवं, त्यांना आमचं काम आवडणार नाही, आणि ते आम्ही करतही नाही. बेल्ट, पुली, एक्झॉस्ट यांना ड्रेसिंग लावत नाही, मागितलं तरी.

एक फायदा सहसा लक्षात येत नाही. स्वच्छ इंजिनवर गळती लगेच दिसते. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून तेल पाझरत असेल किंवा एखाद्या पाइपच्या टोकाशी कूलंटचा डाग असेल, तर आम्ही फोटो काढून दाखवतो. दुरुस्ती आमच्याकडे होत नाही, तुमच्या मेकॅनिककडेच जावा. उंदराने कुरतडलेली वायर सापडली तर धुणं थांबवून आधी तुम्हाला फोन करतो.

नंतर घरी फार काही करायचं नाही. आठवड्या-पंधरा दिवसांनी गार इंजिनवर कोरडं मायक्रोफायबर फिरवा, काचेच्या खालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. तिथली पाण्याची वाट तुंबली की पावसाळ्यात पाणी आत उतरतं. पुन्हा ड्रेसिंगची गरज वाटली तर नुसतं ड्रेसिंगही करून देतो. ते पूर्ण धुलाईपेक्षा बरंच स्वस्त पडतं. दर फलकावर आहेत.

सकाळी लवकर आणून गाडी लावून जावा, म्हणजे इंजिन निवायला वेळ मिळतो. खंडेनवमीच्या आधीचे तीन-चार दिवस फार गर्दी असते. पूजेला चमकती गाडी हवी असेल तर घटस्थापनेच्या आसपासच नंबर लावा. आणि डिझेल आधीच मारलं असेल तर लपवू नका, येतानाच सांगा. त्या गाडीला आम्ही दिवसातला पहिला नंबर देतो आणि दुपारपर्यंत दुसरी गाडी घेत नाही.