मूत्रगळती : लोकजाणीव व दृष्टिकोन यांचे मापन (बेळगाव सीमाभाग)

मूत्रगळती, म्हणजे इच्छा नसताना लघवी गळणे, या विकाराबद्दल लोकांना काय ठाऊक आहे, त्याविषयी त्यांच्या मनात काय आहे आणि त्यावर ते काय करतात, हे प्रश्नावली व मुलाखतींतून जोखण्याची पद्धत. ज्ञान, दृष्टिकोन व वर्तन ही तीन अंगे वेगवेगळी मोजावी लागतात. उपाय आहे हे माहीत असूनही दवाखान्याची पायरी न चढणारी माणसे पुष्कळ असतात. येथे ‘सीमाभाग’ म्हणजे मुख्यतः बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलेला मराठी-कन्नड मिश्र वस्तीचा टापू.

संज्ञेबद्दल मतभेद आहेत. ‘मूत्र असंयम’ हा शब्द हिंदी-मराठी आरोग्यलेखनात बराच रुळला आहे. परंतु मराठीत ‘असंयम’ म्हणजे स्वतःवर ताबा न ठेवणे. त्यात दोष माणसाच्या वागण्याला लागतो. अशा शब्दाने विचारलेल्या प्रश्नाला बाई ‘नाही’ म्हणाली, तर ते उत्तर विकाराबद्दलचे आहे की शब्दाने झालेल्या आरोपाबद्दलचे, हे सांगता येत नाही. म्हणून येथे ‘मूत्रगळती’ ही संज्ञा पत्करली आहे. प्रश्नात मात्र ‘लघवी गळते का’ असेच विचारावे.

प्राचीन आधारांविषयीही एकमत नाही. चरकाने मूत्राघाताचे तेरा व सुश्रुताने बारा प्रकार सांगितले असून त्यांतील ‘मूत्रातीत’ हा प्रकार काही अभ्यासक या विकाराशी जोडतात. मूत्राघाताचा मुख्य रोख लघवी अडण्याकडे असल्यामुळे ही जोडणी ओढून आणलेली वाटते. शार्ङ्गधरसंहितेतील (साधारणतः तेरावे-चौदावे शतक) ‘शय्यामूत्र’ अधिक जवळचे, पण ते अंथरूण ओले होण्यापुरते.

आधुनिक व्याख्या इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने (स्थापना १९७१) घडवली. तिच्या जुन्या व्याख्येत गळती तपासणीत दिसणारी आणि सामाजिक किंवा स्वच्छतेची अडचण ठरणारी असावी लागे. २००२ च्या व्याख्येत अनैच्छिक गळतीची कोणतीही ‘तक्रार’ पुरेशी ठरली. वैद्यकीयदृष्ट्या हा बदल योग्यच होता. मराठीत मात्र नवी अडचण उभी राहते. ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे. जुन्या लुगड्याची घडी रोज आत घेणारी सासूही ‘माझी काही तक्रार नाही, वयाचंच आहे’ म्हणते आणि नोंदीतून निसटते. तिला प्रसंगानुसार विचारावे : शिंकताना, खोकताना, पाण्याचा हंडा उचलताना थेंब जातो का? मोरीपर्यंत पोचायच्या आत सुटते का? पहिला प्रश्न ताणाने होणाऱ्या गळतीचा, दुसरा अनावर घाईच्या गळतीचा. निपाणीच्या तंबाखू वखारींत खकाण्याने (तंबाखूच्या धुळीने) खोकला-शिंका येतात आणि खोकल्याने पोटातला दाब वाढतो. तेथे पहिला प्रश्न वगळणे अक्षम्य होय.

साधनांची गल्लत वारंवार होते. आयसीआयक्यू (इंटरनॅशनल कन्सल्टेशन ऑन इन्कॉन्टिनन्स क्वेश्चनेअर) या प्रश्नावलीमालेतील २००४ ची संक्षिप्त प्रश्नावली शून्य ते एकवीस गुण देते. ते गुण गळतीची तीव्रता व त्रास सांगतात, जाणीव नव्हे. जाणिवेसाठी २००८ मधील चोवीस विधानांची प्रश्नावली वापरली जाते : बारा विधाने मूत्रगळतीवर, बारा अंग बाहेर येण्यावर (गर्भाशय वगैरे खाली सरकण्यावर), उत्तरे सहमत, असहमत किंवा माहीत नाही. या भागातले ‘काय की’ हे उत्तर ‘माहीत नाही’मध्येच धरावे. ते ‘असहमत’मध्ये ढकलले, तर अज्ञान हे चुकीचे मत म्हणून नोंदले जाते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम ठाऊक आहेत का, हे विचारायलाच हवे. उपाय आहे हे कळल्यावाचून कोणीही लाज बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जाणार नाही.

अनुवाद हा येथला खरा कस. फॉर्म कन्नडमध्ये, बोलणे बेळगावी मराठीत आणि टिपण पुन्हा कन्नडमध्ये, अशा दुहेरी भाषांतरात अर्थ सांडतो. दोन्ही भाषांतून मुळाकडे उलट अनुवाद करून तपासणी करावी. विचारणारी बाईच असावी, हे बहुतेकांना मान्य आहे. ती त्याच गावची असावी का, यावर मात्र दुमत आहे. ओळखीची आशाताई (गावातली आशा आरोग्यसेविका) दारात आली की विश्वास वाटतो, पण गोष्ट गल्लीत फुटेल ही धास्तीही वाटते. परगावची बाई, सून घरात नसताना, हा पर्याय अधिक बरा.

दृष्टिकोनाच्या प्रश्नांत सोवळ्याचा प्रश्न टाळू नये. कपडा ओला झाला म्हणून देवघरापासून दूर राहणे, हळदीकुंकवाला न जाणे, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला एसटीने जायचे म्हणून सकाळपासून पाणी न पिणे, ही उत्तरे ‘लाज वाटते का’ या थेट प्रश्नातून सहसा हाती लागत नाहीत.

पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर गळती होऊ शकते. त्यांच्यासाठी प्रश्न निराळे लिहावेत.