लेन्स सरकली, खुपली तर काय करायचं?

कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याच्या मागे जात नाही. आम्ही लेन्स बसवून देणारे, आम्हाला रात्री उशिरा येणाऱ्या फोनवर बहुतेकांना हीच धास्ती असते, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. पापणीच्या आतलं पातळ अस्तर वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेलं असतं, त्यापुढे वाट बंद. न सापडणारी लेन्स बहुधा वरच्या पापणीखाली घडी होऊन बसलेली असते, नाहीतर केव्हाच बाहेर पडून बेसिनच्या कडेला वाळत असते.

ती काढताना घाई नको. हात साबणाने धुऊन नीट कोरडे करा. लेन्सवर चालणारे ओलाव्याचे ड्रॉप्स घाला आणि डोळा मिटून दोन-तीन मिनिटं थांबा. मग लेन्स असेल त्याच्या उलट दिशेला बघा: वर गेली असेल तर खाली, नाकाकडे असेल तर कानाकडे. मिटल्या पापणीवरून बोट हलकेच फिरवलं की सॉफ्ट लेन्स सुटून येते. आली नाही तर पुन्हा ड्रॉप्स. कोरडी लेन्स चिमटीने ओढाल तर बुबुळावर ओरखडा येईल. सेमी-सॉफ्ट, म्हणजे कडक लेन्स मात्र पापणीवरून चोळू नका, तिची कड लागते. त्यासाठी छोटा सक्शन कप मिळतो, तो ओला करून वापरा.

आता रोज सरकणाऱ्या लेन्सबद्दल. पापणी लवली की सॉफ्ट लेन्सने किंचित हललंच पाहिजे, म्हणजे खालचे अश्रू बदलत राहतात. अजिबात न हलणारी लेन्स सकाळी मऊशार वाटते आणि संध्याकाळी डोळा लाल करते. उलट पापणी लवल्यावर दर वेळी धूसर दिसत असेल किंवा वर बघताच लेन्स घसरत असेल, तर ती सैल आहे. खोक्यावर ८.४, ८.६ असा बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या वळणाचा आकडा छापलेला असतो. आकडा मोठा तेवढी लेन्स सपाट. ऑनलाइन स्वस्त मिळाली तर जरूर घ्या, आम्ही रुसत नाही. पण नंबर जुळला म्हणजे माप जुळलं असं नाही, आणि कंपनी बदलली की बसणंही बदलतं. बिननंबरच्या रंगीत लेन्सलाही हेच लागू. सिलिंडरचा नंबर असणाऱ्यांची टॉरिक लेन्स जागच्या जागी फिरली तरी नजर अंधुक होते. तसं वारंवार झालं तर दाखवायला या.

घातल्याघातल्या खुपत असेल तर आधी ती उलटी नाही ना, ते बघा. बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने पाहिलं की सुलट लेन्स वाटीसारखी दिसते, उलटीचा काठ बाहेर पसरतो. काठ फाटला असेल तर लेन्स सरळ टाकून द्या. मिरची चिरलेल्या हातांबद्दल आम्ही काय सांगायचं! काजळ लेन्स घातल्यानंतर लावा आणि लेन्स काढल्यानंतरच पुसा.

दुपारनंतर चुरचुरत असेल तर कारण बहुधा कोरडेपणा. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, वर एसी, आणि घरी जाताना व्हायझर उघडा ठेवून दुचाकी. ड्रॉप्स घाला, तरी भागलं नाही तर उरलेला दिवस चष्मा लावा.

पाण्याबाबत आम्ही अजिबात ऐकून घेत नाही. नळाचं, फिल्टरचं, उकळलेलं, कुठलंही पाणी लेन्सला किंवा डबीला लावायचं नाही. पाण्यात अकँथअमिबा नावाचा जीव असू शकतो. त्याचा संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर नजर जाऊ शकते. पोहताना, अंघोळीला, रंगपंचमीला लेन्स काढून ठेवा. डबीतल्या जुन्या सोल्यूशनमध्ये नवं ओतू नका, ते रोज फेकायचं. डबी तीन महिन्यांनी बदला.

एक सोपी परीक्षा: लेन्स काढल्यावर खुपणं थांबलं तर दोष बहुधा लेन्समध्ये किंवा तिच्या मापात. तेवढं आम्ही बघू. काढल्यावरही दुखतंय, लाली वाढतेय, उजेड सहन होत नाही, चिपडं येताहेत किंवा अंधुक दिसतंय, तर आमच्याकडे वेळ घालवू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ड्रॉप्स आणू नका. काहींमध्ये स्टिरॉइड असतं, त्याने संसर्ग बळावू शकतो. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या, त्यांची तपासणी करावी लागू शकते.

माप तपासायला आमच्याकडे येणार असाल तर लेन्स दोन-तीन तास आधी घालून या. चष्मा आणि लेन्सचं खोकं आठवणीने आणा.