कार्ड पेमेंट एपीआयसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि अडलं तर मदत

पैठणची पैठणी, वसमतची हळद, भूमचा खवा हे सगळं आता फोनवरच्या ऑर्डरीने पुण्या-मुंबईला जातं. छोट्या रकमेला यूपीआय पुरतं. पण अठरा हजारांची साडी घेणारं गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड चालेल का विचारतं, आणि आपल्याच वेबसाइटवर कार्ड घ्यायचं तर पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचं, एपीआय जोडावं लागतं. एपीआय म्हणजे आपली साइट आणि ती सेवा यांना जोडणारा सॉफ्टवेअरचा दुवा.

कागदपत्रांच्याही आधीची एक गोष्ट सांगतो. अर्ज मालकाच्याच मोबाइल नंबरवरून आणि मालकाच्याच ईमेलवरून करा. आपल्याकडे वेबसाइट करून देणारा ओळखीतला मुलगा असतो, आणि सोय म्हणून तोच स्वतःच्या ईमेलने खातं उघडतो. पुढे तो नोकरीला पुण्याला गेला की मालकाच्या हातात काहीच राहत नाही. गेटवेची सपोर्ट टीम नोंदणीकृत ईमेलशिवाय कुणाशी खात्याबद्दल बोलत नाही, आणि तेच बरोबर आहे. डेव्हलपरला डॅशबोर्डवर, म्हणजे गेटवेच्या साइटवरच्या तुमच्या खात्याच्या पानावर, वेगळा युजर म्हणून जोडता येतं. त्याला तेवढंच द्या.

अर्ज कोणाकडे, कोण करू शकतो

बँकेकडे किंवा पेमेंट अॅग्रिगेटरकडे, म्हणजे दुकानदारांच्या वतीने पैसे गोळा करून त्यांच्या खात्यात जमा करणाऱ्या कंपनीकडे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये अॅग्रिगेटरसाठी नियम आणले. त्यानुसार बँक नसलेल्या अॅग्रिगेटरला परवानगी घ्यावी लागते आणि गिऱ्हाइकांचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी बँकेत वेगळ्या ठेवलेल्या खात्यात, ठेवावे लागतात. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. आधार-पॅन कुणाला पाठवण्याआधी ती बघा.

कंपनीच असली पाहिजे असं नाही. एकट्या मालकाचा धंदा, भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), ट्रस्ट, शेतकरी उत्पादक कंपनी यांना अर्ज करता येतो. बचत गटाच्या नावाचं पॅन आणि बँक खातं असेल तर गटासाठीही विचारून बघा.

कागदपत्रं

एकट्या मालकाला स्वतःचं पॅन, आधार, धंद्याच्या नावाचं चालू खातं, त्याचा रद्द केलेला चेक आणि धंद्याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणून उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र आणि शॉप अॅक्टचा कागद चालतो. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खाजगी साइट तिच्यासाठी पैसे मागतात, त्यांच्या नादी लागू नका. दुकानात थोडेच कामगार असतील तर शॉप अॅक्टला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. खाण्याचा माल असेल तर अन्न परवाना जोडा. भागीदारीला करारपत्र, कंपनीला स्थापना प्रमाणपत्र आणि संचालक मंडळाचा ठराव.

जीएसटी क्रमांक असेल तर द्यावा. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी सहसा बंधनकारक नाही, मात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर नियम बदलतात. हस्तकलेच्या काही वस्तूंना त्यात सवलत आहे. हे तुमच्या सीएला एकदा विचाराच.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावावरून. पाटीवर ‘हातमाग केंद्र’, चेकवर ‘हँडलूम सेंटर’, उद्यमवर नुसतं मालकाचं नाव, असं असलं की तपासणारा माणूस फाइल परत पाठवतो. आपल्याकडे त्यात पत्त्याची भर पडते. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या कागदांवर जुनं नाव, नव्यांवर नवं, आणि काही फॉर्मच्या यादीत अजून जुनंच. फॉर्ममध्ये तेच लिहा जे सोबत जोडलेल्या पत्त्याच्या पुराव्यावर आहे, आणि पिन कोड सगळीकडे एकच ठेवा. जमलं तर आधी आधार आणि बँकेतला पत्ता अद्ययावत करून घ्या.

वेबसाइटही तपासली जाते. तिच्यावर दुकानाचा पूर्ण पत्ता, फोन, मालाच्या किमती, परतावा, डिलिव्हरी आणि गोपनीयतेची धोरणं हवीत. दुसऱ्याच्या साइटवरून उचललेलं परतावा धोरण पुढे वादात तुमच्याच अंगावर येतं, म्हणून ते स्वतः लिहा.

एपीआय जोडताना

की म्हणजे गेटवेला तुमच्या साइटची ओळख पटवणारा कोड. आधी चाचणीपुरती टेस्ट की मिळते, तपासणी पूर्ण झाल्यावर खऱ्या व्यवहारांची लाइव्ह की. सीक्रेट की फक्त सर्व्हरवर राहते. ती मोबाइल अॅपच्या कोडमध्ये किंवा व्हॉट्सअॅपच्या मेसेजमध्ये कधीच जाऊ देऊ नका. डेव्हलपर बदलला की लगेच नवी की तयार करा.

रक्कम सर्व्हरवरच ठरवा, ब्राउझरमधून आलेली रक्कम खरी धरू नका. काही गेटवेंना रक्कम पैशांत लागते: ५०० रुपयांसाठी ५०००० पाठवायचे. कार्ड नंबर स्वतःच्या फॉर्मवर घेण्याच्या फंदात पडू नका, गेटवेचंच चेकआउट पान वापरा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला आणि अॅग्रिगेटरला कार्डाची माहिती साठवताच येत नाही, तिच्या जागी टोकन, म्हणजे कार्ड नंबराऐवजीचा बदली कोड, असतं.

वेबहुक मात्र नीट बसवून घ्या. बीडकडच्या एखाद्या गावात गिऱ्हाइकाने ओटीपी टाकला, पैसे गेले, आणि तेवढ्यात रेंज गेली तर पान तुमच्या साइटवर परत येत नाही. पैसे गेटवेकडे, ऑर्डर तुमच्याकडे ‘अपूर्ण’. वेबहुक म्हणजे गेटवेने तुमच्या सर्व्हरला थेट पाठवलेला निरोप. त्याची डिजिटल सही तपासा, आणि तोच निरोप दोनदा आला तरी ऑर्डर एकदाच धरा.

शुल्क आधी लेखी घ्या. दर २ टक्के धरला तर १८,००० च्या साडीवर ३६० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६४.८०, म्हणजे हातात १७,५७५.२०. रुपे डेबिट कार्डावर एमडीआर, म्हणजे कार्ड व्यवहारावर दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर, २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला ऑनलाइन व्यवहारात ०.४० टक्के आणि जास्तीत जास्त २०० रुपये ही मर्यादा आहे. दरपत्रकात सगळ्या कार्डांना एकच दर दिसला तर विचारा.

अडलं तर

तिकीट डॅशबोर्डवरूनच टाका. ‘पेमेंट होत नाही’ एवढंच लिहिलं की दोन दिवस प्रश्नोत्तरात जातात. पेमेंट आयडी, ऑर्डर आयडी, तारीख-वेळ, एरर कोड, आणि टेस्ट की होती की लाइव्ह, हे पहिल्याच मेसेजमध्ये द्या. उत्तर मिळालं नाही तर अॅग्रिगेटरच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याकडे जा. त्याचा संपर्क त्यांच्या संकेतस्थळावर असतो.

गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले आणि तुमच्याकडे पुष्टी आलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत गेली पाहिजे. त्यानंतर उशीर झाला तर गिऱ्हाइकाला रोज १०० रुपये भरपाई मिळते. हे त्याला शांतपणे सांगा आणि पेमेंट आयडी द्या.

चार्जबॅक आला, म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्या बँकेमार्फत पैसे परत मागितले, तर दिलेल्या मुदतीत बिल, कुरिअरची पावती आणि माल पोचल्याचा पुरावा अपलोड करा. मुदत गेली की खरी बाजू असूनही पैसे जातात. सपोर्टचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर असतात. ओटीपी किंवा सीक्रेट की मागणारा सपोर्टचा माणूस नसतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.