घरगुती वाय-फायवर ठरावीक संकेतस्थळे न उघडणे

घरगुती वाय-फायवर ठरावीक संकेतस्थळे न उघडणे : घरातील इंटरनेट जोडणी एरवी सुरळीत असताना काही मोजकी संकेतस्थळे किंवा ॲप्स न उघडण्याचा, अर्धवट उघडण्याचा किंवा नुसते चक्र फिरत राहण्याचा बिघाड. जोडणी पूर्ण बंद पडण्यापेक्षा हा प्रकार वेगळा आहे. फायबरच्या ओएनटीवरील (घरात फायबर येऊन संपते त्या डब्यावरील) एलओएस (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला तर एकही पान उघडत नाही. रेंज कमी असेल तर सगळीच पाने सावकाश उघडतात. निवडक बिघाडात मात्र रेडिओलहरी आणि फायबर दोन्ही आपले काम बजावत असतात. म्हणूनच राउटरची जागा किंवा चॅनल बदलणे, रिपीटर विकत आणणे असे उपाय येथे लागू पडत नाहीत. दोष बहुधा चारपैकी एका ठिकाणी असतो : संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणे (डीएनएस), पॅकेटांचा (विदेच्या गठ्ठ्यांचा) आकार, आयपीव्ही६ची (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीची) अर्धवट सोय, किंवा वाटेत अथवा संकेतस्थळावर झालेली अडवणूक.

निदानाचा क्रम : आधी बिघाडाची व्याप्ती ठरवावी. तेच संकेतस्थळ त्याच वाय-फायवरील दुसऱ्या फोनवर उघडत असेल तर दोष पहिल्या उपकरणात असतो. अशा वेळी व्हीपीएन, जाहिरातरोधक, अँड्रॉइड ९ पासून आलेली 'खासगी डीएनएस' ही सेटिंग आणि घड्याळातील तारीख तपासावी. तारीख चुकली की संकेतस्थळाचे प्रमाणपत्र मुदतबाह्य ठरते आणि ब्राउझर पान उघडण्यास नकार देतो. घरातील सर्वच उपकरणांवर बिघाड दिसत असेल तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. मोबाइल हॉटस्पॉटशी तुलना उपयोगी असली तरी ती जपून वापरावी. हॉटस्पॉट जोडल्यावर सेवादाता, डीएनएस, पॅकेटाची मर्यादा आणि आयपीव्ही६ची सोय अशा चारही गोष्टी एकदम बदलतात. त्यामुळे 'हॉटस्पॉटवर चालते' यावरून दोष घरच्या जोडणीच्या वाटेवर आहे एवढेच कळते, नेमका कोठे ते कळत नाही.

नावाचा पत्ता न सापडणे : नावावरून आयपी पत्ता शोधण्याची डीएनएस ही पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली, तिचे आजही आधारभूत असलेले मानक १९८७ चे आहे. त्या मानकात यूडीपी या जोडणी न बांधता पॅकेट पाठवण्याच्या रीतीवरील उत्तराला ५१२ बाइटांची मर्यादा होती. पुढे ती वाढवण्याची सोय झाली, पण जुन्या राउटरांतील डीएनएस मध्यस्थ अनेकदा मोठे उत्तर पुढे पोचवत नाही. परिणामी छोटे उत्तर असलेली नावे सापडतात आणि लांब उत्तराची सापडत नाहीत. हा दोष ओळखण्यासाठी संगणकावर एनएसलुकअप ही नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा एकदा राउटरला आणि एकदा थेट ८.८.८.८ या गूगलच्या डीएनएसला विचारून चालवावी. पहिल्याकडून उत्तर नाही आणि दुसऱ्याकडून आहे, असे झाले तर राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) विभागात डीएनएस पत्ता बदलावा आणि उपकरणे वाय-फायवरून काढून पुन्हा जोडावीत, कारण जुना पत्ता त्यांच्याकडे तसाच राहिलेला असतो. विंडोजमधील डीएनएसचा साठा आयपीकॉन्फिगच्या फ्लशडीएनएस पर्यायाने रिकामा होतो. ब्राउझर बंद करून उघडणेही आवश्यक, कारण त्याचा स्वतःचा साठा वेगळा असतो.

गूगलची सार्वजनिक डीएनएस सेवा डिसेंबर २००९ मध्ये, क्वाड९ नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही सेवा १ एप्रिल २०१८ रोजी सुरू झाली. यांतील शेवटचा पत्ता काही जुनी उपकरणे स्वतःच्या अंतर्गत कामासाठी वापरत असल्याने तेथे तो पोचत नाही, १.०.०.१ हा जोडपत्ता द्यावा. सार्वजनिक डीएनएस हा मात्र सरसकट उपाय नव्हे. स्थानिक केबलवाल्याची टीव्ही सेवा किंवा ग्राहक-पान यांची नावे कधीकधी फक्त त्याच्याच डीएनएसला ठाऊक असतात आणि डीएनएस बदलताच ती बंद पडतात. राउटरमध्ये कोणी न भरलेला, अनोळखी डीएनएस पत्ता आढळला तर तो पुसून राउटरचा पासवर्ड लगेच बदलावा. डीएनएसचेंजर या घातक प्रणालीने असेच पत्ते बदलले होते. बाधितांसाठी तात्पुरते चालवलेले सर्व्हर ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले तेव्हा त्यांच्यावर विसंबलेल्या संगणकांना नावे सापडेनाशी झाली.

पॅकेटाचा आकार : निवडक बिघाडाचे सर्वांत फसवे कारण हेच. ईथरनेटच्या एका चौकटीत जास्तीत जास्त १,५०० बाइट विदा मावते. या मर्यादेस एमटीयू म्हणतात. वापरकर्तानाव आणि पासवर्ड लागणाऱ्या पीपीपीओई जोडणीत, म्हणजे बीएसएनएलच्या जुन्या, टेलिफोन तारेवरील एडीएसएलपासून आजच्या अनेक स्थानिक फायबर जोडण्यांपर्यंत, प्रत्येक चौकटीतील ६ बाइट पीपीपीओईच्या आणि २ बाइट पीपीपीच्या शीर्षकात जातात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णनानुसार उरतात १,४९२. या आठ बाइटांमुळेच पुढचा सगळा घोळ होतो.

मुळात १,५०० हाच आकडा का, याविषयी एकमत नाही. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या कंपन्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ईथरनेट वर्णनात तो आहे. निर्णय त्याआधी केव्हातरी झाला असावा. एका मतानुसार त्या काळी जोडणी-कार्डावरील स्मृती महाग असल्याने चौकट लहान ठेवली गेली. दुसऱ्या मतानुसार सामायिक केबल एकाच संगणकाने फार काळ अडवू नये हा हेतू होता : १० मेगाबिट वेगाला शीर्षक आणि त्रुटीतपासणी धरून १,५१८ बाइटांची पूर्ण चौकट सुमारे १.२ मिलिसेकंद तार व्यापते. तिसरे मत ३२ बिटांच्या त्रुटीतपासणीच्या कुवतीचे कारण देते. पण एफडीडीआय या नंतरच्या जाळ्याने तीच तपासणी ४,५०० बाइटांच्या चौकटींना लावली, म्हणून ते मत फारसे टिकत नाही. पहिली दोन्ही कारणे एकत्र घडली असणे अधिक संभवते.

वाटेतील सर्वांत लहान मर्यादा शोधण्याची पद्धत जेफ्री मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये मांडली. पाठवणारा पॅकेटावर 'तुकडे करू नका' अशी खूण करतो. पॅकेट न मावणारा राउटर ते टाकून देतो आणि आपली मर्यादा सांगणारा आयसीएमपी (जाळ्यातील अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) निरोप, प्रकार ३ संकेत ४, मागे धाडतो. पाठवणारा लहान पॅकेट पाठवतो आणि काम चालते. मात्र सुरक्षेच्या नावाखाली एखाद्या फायरवॉलने सगळेच आयसीएमपी अडवले की निरोप पोचत नाही. सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो, ते पुन्हा पुन्हा टाकले जाते आणि कोणालाच त्रुटी दिसत नाही. या पद्धतीच्या अनुभवांविषयीचे इशारे १९९३ मध्येच छापले गेले होते; २००० मधील एका टिपणात या स्थितीला 'कृष्णविवर' हे नाव पक्के दिसते.

बिघाड निवडक दिसतो तो यामुळे. टीसीपीची (जोडणी बांधून विदा पोचवणाऱ्या रीतीची) सुरुवातीची देवघेव लहान पॅकेटांत होते, म्हणून 'जोडले' असे दिसते. सर्व्हर आपले प्रमाणपत्र पाठवतो तेव्हा पहिली भरगच्च पॅकेटे निघतात आणि नेमकी तेथेच गाडी अडते. ज्या सर्व्हरपर्यंत आयसीएमपी पोचते किंवा जो मुळातच लहान पॅकेटे पाठवतो, त्याची पाने बिनबोभाट उघडतात. मे २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विक या यूडीपीवर चालणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये १,२०० बाइटांपासून सुरुवात होते आणि वाट चाचपूनच आकार वाढवला जातो. म्हणून क्विकवरून येणारा व्हिडिओ उत्तम चालतो आणि निव्वळ टीसीपीवर चालणारे एखादे बँकेचे पान अडते, असे कोड्यात टाकणारे चित्र दिसू शकते.

तपासणीसाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग या पोच तपासणाऱ्या आज्ञेला 'एफ' (तुकडे करू नका) आणि 'एल' (लांबी) हे पर्याय देऊन १४७२ पासून सुरुवात करावी. त्यात २८ बाइटांची शीर्षके मिळवली की १,५०० होतात. मॅकवर यासाठी कॅपिटल डी आणि लहान एस हे पर्याय आहेत. १४७२ जात नाही पण १४६४ जाते, तर मर्यादा १,४९२ आहे. पीपीपीओईवर हे अपेक्षितच आहे. मोठ्या पॅकेटावर 'तुकडे करावे लागतील' असा स्पष्ट निरोप आला तर घराकडची यंत्रणा नीट आहे. नुसती वेळ संपत असेल तर संशय घ्यावा. ही चाचणी जाणाऱ्या वाटेची आहे, खोळंबा मात्र बहुधा येणाऱ्या वाटेवर असतो. ती पार पडली म्हणून आकाराचे कारण बाद करू नये. अधिक पक्की परीक्षा म्हणजे संगणकाच्या वाय-फाय कार्डाचा एमटीयू तात्पुरता १,४०० करणे. आता संगणक समोरच्याला आपली टीसीपी विदामर्यादा, म्हणजे एमएसएस, १,३६० सांगतो. अडलेली पाने लगेच उघडली तर कारण सापडले.

कायमचा इलाज राउटरमध्ये करायचा असतो. डब्लूएएन (बाहेरच्या जोडणीच्या) विभागात पीपीपीओईचा एमटीयू १,४९२ असावा (काही राउटरांत तो आधीपासून १,४८० असतो, त्यानेही चालते) आणि एमएसएस क्लॅम्पिंग चालू असावे. या सोयीमुळे राउटर जाणाऱ्या-येणाऱ्या जोडणी-विनंतीतील एमएसएसचा आकडा खाली आणतो : आयपीव्ही४साठी १,४५२, आयपीव्ही६साठी १,४३२. काही तज्ज्ञ तिला तडजोड मानतात आणि आयसीएमपी मोकळे सोडणे हाच खरा उपाय असे म्हणतात. तत्त्वतः ते बरोबर आहे. पण दूरच्या सर्व्हरची फायरवॉल घरमालकाच्या हातात नसते, आणि क्लॅम्पिंग असते. दोन डब्यांच्या मांडणीत, म्हणजे ओएनटीच लॉगिन करतो आणि त्यामागे घरचा राउटर बसवला आहे अशा ठिकाणी, क्लॅम्पिंग ओएनटीवर लागते. ती सेटिंग ग्राहकाला बंद असेल तर मागच्या राउटरचा एमटीयू १,४९२ करून पाहावे. तो राउटर एमएसएस बदलत नसेल तर याचा उपयोग होत नाही, आणि मग ओएनटी ब्रिज करून घेणेच, म्हणजे लॉगिन घरच्या राउटरकडे सोपवणेच बरे. व्हीपीएन असल्यास मर्यादा आणखी घटते. वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीचा नेहमीचा एमटीयू १,४२० आहे.

अलीकडे आकाराचाच एक नवा प्रश्न उपटला आहे. एप्रिल २०२४ पासून संगणकावरील क्रोम क्वांटमरोधक (क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नये अशी) सांकेतिक किल्ली पहिल्याच निरोपात पाठवतो, त्यामुळे तो निरोप एका पॅकेटात मावत नाही. दोन पॅकेटांत आलेला हा निरोप काही जुने सर्व्हर आणि फायरवॉल हाताळू शकत नाहीत. क्रोममध्ये अडणारे पान सुधारणा न झालेल्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडले तर या कारणाचा विचार करावा.

आयपीव्ही६ : राउटर घरात आयपीव्ही६ पत्ते वाटतो, पण पुढची वाट बंद असते, असे घडते. ज्या संकेतस्थळांना दोन्ही पत्ते आहेत तीच मग अडखळतात. ब्राउझर २०१२ आणि २०१७ मधील 'हॅपी आयबॉल्स' या रीतीनुसार दोन्ही वाटांनी प्रयत्न करतात. आयपीव्ही६वर सुमारे २५० मिलिसेकंदांत काही झाले नाही तर आयपीव्ही४वरही जोडणी सुरू करतात. ही रीत न पाळणारी ॲप्स आणि स्मार्ट टीव्ही मात्र अडून बसतात. आयपीव्ही६मध्ये वाटेतील राउटर पॅकेटांचे तुकडे करतच नाहीत, म्हणून तेथे आयसीएमपी अडवणे जास्त महागात पडते. राउटरवर आयपीव्ही६ थोडा वेळ बंद करून फरक पडतो का ते पाहावे. फरक पडला तर सेवादात्याकडून वाट दुरुस्त करून घ्यावी, सोय कायमची बंद ठेवू नये.

सामायिक पत्ता आणि अडवणूक : राउटरच्या स्थितीपानावरील डब्लूएएन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर जोडणी सीजीनॅटमागे आहे आणि बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहक वापरतात. त्यांतील कोणी उपद्रव केला की संकेतस्थळ तो पत्ताच अडवते. ४०३ क्रमांकाची त्रुटी किंवा सतत येणारी 'तुम्ही यंत्रमानव नाही ना' ही चौकशी ही त्याची खूण. राउटर काही मिनिटे बंद ठेवल्यास कधी दुसरा पत्ता मिळतो. नाहीतर स्थिर पत्ता विकत घ्यावा लागतो.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९अ खाली आणि न्यायालयीन आदेशांनीही संकेतस्थळे बंद केली जातात. २००९ च्या नियमांतील गोपनीयतेच्या तरतुदीमुळे ग्राहकाला कारण बहुधा कळत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईतील न्यायालयाच्या आदेशावरून ३२ पत्ते रोखले गेले तेव्हा त्यांत गिटहब आणि इंटरनेट आर्काइव्हही होते. २९ जून २०२० रोजी ५९ ॲप्सवर बंदी आली. आदेश एकच असला तरी प्रत्येक सेवादाता तो वेगळ्या तंत्राने अमलात आणतो : कोणी डीएनएसचे खोटे उत्तर देतो, कोणी जोडणीतील नाव वाचून ती तोडतो. त्यामुळे एकाच इमारतीत दोन कंपन्यांच्या जोडण्यांवर वेगळे अनुभव येतात. नाव नीट सापडते, पिंग जाते, पण 'जोडणी रीसेट झाली' अशी त्रुटी तत्काळ येते, हे लक्षण आकाराच्या दोषाचे नसून अडवणुकीचे असते. आकाराच्या दोषात पान बराच वेळ ताटकळते. राउटरमधील पालक-नियंत्रण आणि १.१.१.३ सारखे गाळणी असलेले डीएनएस यांचीही खातरजमा करावी.

जुनी उपकरणे : ३० सप्टेंबर २०२१ रोजी डीएसटी रूट सीए एक्स३ हे मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले, तेव्हा अद्ययावत न झालेल्या अनेक संगणकांवर आणि टीव्हींवर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेची प्रमाणपत्रे वापरणारी संकेतस्थळे बंद पडली. ७.१.१ पूर्वीच्या अँड्रॉइडला जोडस्वाक्षरीमुळे (जुन्या मूळ प्रमाणपत्राने नव्याला दिलेल्या मान्यतेमुळे) काही काळ सवलत मिळाली. अशा फोनवर स्वतःचा प्रमाणपत्रसाठा बाळगणारा फायरफॉक्स वापरता येत असे. इतर ॲप्सना त्याचा लाभ होत नसे.

तक्रार : 'नेट चालत नाही' अशा तक्रारीवर वेगाची चाचणी होते, ती उत्तीर्ण होते आणि तक्रार मिटवली जाते. म्हणून अडलेल्या संकेतस्थळाचे नाव, एनएसलुकअपने दिलेला पत्ता, ट्रेसराउटचा (वाटेतील टप्पे दाखवणाऱ्या आज्ञेचा) निकाल, पिंगचा सर्वांत मोठा यशस्वी आकार, राउटरचा डब्लूएएन पत्ता आणि वेळ एवढी माहिती लेखी द्यावी व डॉकेट क्रमांक घ्यावा. तंत्रज्ञ घरी आल्यास आधी एक संगणक लॅन केबलने थेट ओएनटीला जोडून तेच पान उघडून दाखवावे. तेथेही ते अडले तर घरचा राउटर निर्दोष ठरतो आणि तक्रार कंपनीच्या जाळे-विभागाकडे पाठवण्याचा आग्रह धरता येतो.